न्हाणीचं गरम पाणी: बेळगाव-खानापूर-निपाणी भागात बंब, गिझर की सोलर?

गिझर घ्यायचा की सोलर, एवढाच प्रश्न घेऊन माणूस दुकानात जातो आणि दुकानदाराकडे जे शिल्लक असेल ते घेऊन घरी येतो. वर्षभरात तक्रारी सुरू होतात. पावसाळ्यात सोलर कोमट पाणीसुद्धा देत नाही. बोअरच्या पाण्यानं गिझरची कॉइल खाल्ली. गॅस गिझर बसवल्यापासून आंघोळीनंतर डोकं धरतं. पहिल्या दोन तक्रारींत पैसे जातात, तिसरीत जीव जाऊ शकतो. म्हणून तिच्यावर मी इथं जास्त लिहिणार आहे.

आपला भाग एकसारखा नाही, त्यामुळं सगळ्यांना लागू पडेल असं एक साधनही नाही. कणकुंबी-जांबोटीकडं आषाढात कित्येक दिवस ऊन पडत नाही आणि भिंतीसुद्धा ओल धरतात. अथणी-रायबागकडं ऊन भरपूर, पण बऱ्याच बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकलचं धरणाचं पाणी नळाला येतं, ते बऱ्यापैकी मऊ. पण त्याच शहराच्या नव्या वसाहतींत टँकर आणि बोअरवर भागवावं लागतं. यावरून माझं मत ठरलं आहे: एक मुख्य साधन घ्या, एक जोडीला ठेवा, आणि ज्यात ज्योत पेटते ते बंद न्हाणीत बसवू नका.

दुकानात जाण्याआधी

गरज किती, हे आधी काढा. घरात चार माणसं, प्रत्येकाला २० लिटरची एक बादली, म्हणजे ८० लिटर. जानेवारीच्या पहाटे टाकीतलं पाणी २० अंशांच्या आसपास असतं आणि आंघोळीला ४२ अंश पुरतात. ८० लिटर पाणी २२ अंशांनी तापवायला साधारण दोन युनिट वीज लागते. बंबावर तेवढ्याच पाण्याला दीड-दोन किलो वाळलेलं जळण जातं. गॅसवर रोज सुमारे २०० ग्रॅम, म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर फक्त आंघोळीसाठी वापरला तर दोन महिने सहज पुरतो. हे अंदाज आहेत. डोक्यावरून पाणी घेणारी माणसं जास्त असतील तर आकडा वाढेल.

विजेवर रोज दोन युनिट म्हणजे महिन्याला ६० युनिट. हा आकडा कर्नाटकात राहणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावा. गृहज्योती योजनेत मोफत विजेचा कोटा घराच्या आधीच्या सरासरी वापरावर ठरतो आणि वरची मर्यादा २०० युनिटची आहे. कोटा ओलांडला तर वरच्या युनिटचे पैसे भरावे लागतात. २०० च्या वर गेलं तर त्या महिन्याचं पूर्ण बिल येतं. ज्या घरात फ्रिज, पंखे, टीव्ही मिळून दीडशे युनिट जातात, तिथं नवा गिझर हिवाळ्यात बरोबर या रेषेवर आणून ठेवतो. हेस्कॉमची मागची बारा बिलं काढून बघा आणि मग ठरवा.

पाण्याची परीक्षा घरीच होते. पाणी उकळायच्या पातेल्याच्या तळाला आठवड्याभरात पांढरा थर धरत असेल, तर पाणी जड आहे. नक्की आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेत नमुना द्या. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. तापवण्याच्या साधनांना मात्र ३०० च्या पुढं त्रास सुरू होतो.

शेवटचं, टाकीची उंची. टाकीचा तळ गॅस गिझरपेक्षा निदान आठ-दहा फूट वर नसेल तर दाब पुरत नाही आणि गिझर पेटतच नाही. कौलारू घरात माळ्यावर ठेवलेल्या ड्रमवर गॅस गिझर चालवायचा विचार असेल, तर आधी टेप घेऊन मोजा.

बंब

खानापूर तालुक्यात आणि निपाणी-चिकोडीच्या खेड्यांत अजून कितीतरी घरांत पाणी बंबावर किंवा चुलीवरच्या हंड्यात तापतं. त्यात कमीपणा काही नाही. ज्याच्याकडं स्वतःच्या बांधावरचं जळण आहे आणि परसात उघडी न्हाणी आहे, त्याला पावसाळ्यात बंबाइतकं भरवशाचं साधन नाही.

घेताना बाहेरच्या चकाकीपेक्षा आतली नळी बघा. बंबाच्या मधोमध धुराची नळी असते, भोवती पाणी आणि खाली जाळी. सगळी आच त्या नळीला लागते, म्हणून तिचा पत्रा बाहेरच्या पत्र्यापेक्षा जाड हवा. तांब्याचा बंब महाग, पण लवकर तापतो, झाळ लावून दुरुस्त होतो आणि मोडीतही किंमत येते. स्टेनलेस स्टीलचा स्वस्त आणि हलका. तो वेल्डिंगच्या सांध्यावर आधी जातो. कुठलाही घ्या, घरी आणल्यावर पाण्यानं भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवा. तोटीच्या सांध्यातला पाझर सकाळी फरशीवर दिसतो.

बंब वापरायचा नियम घरातल्या पोरांनाही पाठ हवा: आधी पाणी, मग जाळ. रिकाम्या बंबाखाली जाळ लागला की सांध्यांची झाळ वितळते. ज्या बंबात वरून थंड पाणी ओतल्यावर गरम पाणी बाहेर पडतं, तो आपोआप भरलेला राहतो. तोटीवाल्यात मात्र जेवढं काढलं तेवढं लगेच वरून भरायचं.

जळण मिरगाच्या आत आत घ्यायचं. ओल्या लाकडात निम्म्याच्या जवळपास वजन पाण्याचंच असतं. ते पाणी वाफ करून उडवण्यात आच जाते आणि धूर तेवढा होतो. फोडलेलं लाकूड निदान सहा महिने वाऱ्याला, पण पावसाला न लागता, जमिनीपासून वीतभर उंचीवर रचलेलं असावं. वाळलं की नाही हे कळायला दोन तुकडे एकमेकांवर आपटा. खणखणीत आवाज आला, टोकाला चिरा दिसल्या, साल हातानं सुटली, की जळण तयार. शेणी, करवंट्या, दाणे काढलेली मक्याची कणसं हे पेटवणाला उत्तम. काजूची टरफलं आपल्याकडं सहज मिळतात आणि भडकून पेटतात, पण त्यांतलं तेल कातडी भाजतं आणि धूर डोळ्यांना-घशाला झोंबतो. न्हाणीच्या बंबात ती नकोत. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड आणि प्लास्टिकही नकोच.

धुराडं कौलांतून वर काढताना वाशांपासून आणि रिपांपासून अंतर ठेवा, भोवती पत्र्याचा गळपट्टा बसवा. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. धुराडं पूर्वेच्या उतारावर आणि आढ्याच्या जवळ घेतलं, वर टोपी बसवली, तर धूर मागं फिरत नाही. पावसाळ्यात जळण थोडंफार सर्द असतंच, त्यामुळं नळीच्या आत काळा चिकट राप बसतो. तो साठला की एखाद्या दिवशी पेट घेतो. काथ्याचा जाड ब्रश लांब काठीला बांधून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्यातून एकदा नळी घासा.

जुनी न्हाणी पाडून टाइल्सची बंद बाथरूम केली आणि जुना बंब तसाच आत नेऊन ठेवला, असं आता खूप घरांत दिसतं. तो बाहेर काढा. बंब परसात राहू दे, पाणी बादलीनं आत न्या.

गॅस गिझर: इथं घाई नको

गॅस गिझर स्वस्त आहे, तोटी सोडली की पाणी गरम येतं, वीज गेली तरी चालतो. त्यामुळंच तो सर्रास बसवला जातो, आणि जागेचा प्रश्न आला की सर्रास बाथरूमच्या आत बसवला जातो.

थोडा हिशेब बघा. बाथरूम चार फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट. आत हवा सुमारे साडेपाच घनमीटर. मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी देणारा गिझर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो आणि एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. दार-खिडकी लावून घरातल्या चौघांच्या आंघोळी लागोपाठ झाल्या, तर अर्ध्या तासात त्या खोलीभर हवेचा फडशा पडेल एवढी त्याची भूक आहे. पण सगळी हवा संपायची वाटच बघावी लागत नाही. प्राणवायू थोडा कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत पाणीही येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो.

आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायांतलं बळ जातं. माणसाला काहीतरी बिघडलंय हे कळतं, पण उठून कडी काढायला हात उचलत नाही. आंघोळीला गेलेला माणूस बराच वेळ बाहेर आला नाही आणि दार फोडावं लागलं, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात त्या यामुळं. "आम्ही दहाच मिनिटं वापरतो" हे उत्तर पुरेसं नाही, कारण शेवटच्या माणसाच्या वाट्याला आधीच्या तिघांची वापरलेली हवा येते. एक्झॉस्ट फॅन लावला म्हणजे झालं, हेही खरं नाही. बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर तो फॅन नुसता फिरतो, आणि वीज गेली की तेही संपलं.

म्हणून गिझर बाहेर. परसदारी, गच्चीच्या जिन्याखाली उघड्या बाजूला किंवा बाल्कनीत, वर पत्र्याचं छोटं छप्पर करून. तिथून बाथरूमपर्यंत गरम पाण्याला चालणारा सीपीव्हीसी पाइप आणा. साधा पीव्हीसी मऊ पडतो. ज्या फ्लॅटला बाल्कनीच नाही, त्यांनी गॅस गिझर घेऊ नये. विजेचा घ्यावा. यावर तडजोड सुचवायला माझ्याकडं काही नाही.

देखभालीची सुरुवात ज्योतीपासून. गिझरच्या पुढच्या काचेतून आत वाकून बघा. ज्योत निळी, आखूड आणि एका रेषेत स्थिर दिसली पाहिजे. तिची टोकं पिवळी होऊन डोलत असतील, किंवा वरच्या तांब्याच्या पंख्यांवर काजळी धरली असेल, तर गॅस नीट जळत नाही. बहुतेक वेळा बर्नरच्या भोकांत धूळ किंवा कोळ्याची जाळी असते. गिझर बंद ठेवून मेकॅनिकला बोलवा. स्वतः सुई घालून भोकं मोठी करू नका.

तोटी बंद केल्यावर ज्योत लगेच विझली पाहिजे. विझत नसेल तर आतला रबरी पडदा किंवा व्हॉल्व्ह अडकला आहे. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून दुरुस्तीपर्यंत वापर थांबवा. सेल उतरले की ठिणगी उशिरा पडते, तोवर गॅस साठतो आणि मग भपकन पेट घेतो. तोटी सोडल्यावर चार-पाच सेकंदांत पेटला नाही तर तोटी बंद करा, थोडं थांबा, सेल बदला. सिलिंडर उभाच आणि सपाट जमिनीवर ठेवा, खड्ड्यात किंवा तळघरात नको, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्यानं खाली साचतो. केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची. तारीख तिच्यावरच छापलेली असते.

कुणी आत बेशुद्ध सापडलंच तर आधी दार-खिडक्या सताड उघडा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा, मग गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा. तोंडावर पाणी मारण्यात वेळ घालवू नका. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच, आणि डॉक्टरांना "गॅस गिझर चालू होता" हे आवर्जून सांगायचं.

बाळंतिणीची खोली

हा विषय पाणी तापवण्याचा नाही, पण वायू तोच आहे. आपल्याकडं बाळंतिणीला आणि बाळाला शेक द्यायची रीत आहे. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, दारं-खिडक्या लावलेल्या, वारा लागू नये म्हणून फटीला कापड. निखारा धुरत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं की तो सुरक्षित. खरं तर धगधगता कोळसा भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडतो आणि तो मोकळ्या हवेत धुमसून आणला तरी सोडतच राहतो. बाळाचा श्वास जलद चालतो, म्हणून त्याला तो लवकर बाधतो.

आजी-आत्यांशी वाद घालायची गरज नाही. शेक राहू दे, निखारा खोलीबाहेर जाऊ दे. गरम पाण्याची रबरी पिशवी कापडात गुंडाळून, किंवा बाहेरच्या चुलीवर तापवलेल्या कापडानं शेक देता येतो. खोली उबदार ठेवायला तेलाचा विजेवरचा हीटर चालतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपायचं मात्र कुणीच नाही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो; ज्या घरात बंब, गॅस गिझर किंवा शेगडी आहे, तिथं झोपायच्या खोलीत एक बसवावा. मुदत संपली की तो बदलावा लागतो, मुदत त्याच्या पाठीवर लिहिलेली असते.

विजेचा गिझर

चौघांच्या घराला १५ लिटरचा, दोन किलोवॉटचा पुरतो. त्याला १६ अँपिअरचं स्वतंत्र पॉइंट आणि खरं अर्थिंग हवं. जुन्या घरात पिनेला तार असते, पण ती जमिनीपर्यंत पोचलेली नसते. वायरमनकडून तपासून घ्या आणि मीटरशेजारी ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा लगेच तोडणारं बटण) बसवा. खेड्यात दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला की दोन किलोवॉटचा गिझर सव्वा किलोवॉटच्या आसपासच काम करतो. तो बिघडलेला नसतो, फक्त वेळ जास्त घेतो.

थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर नको. जड पाण्यातला क्षार जास्त उष्णतेनं जास्त बसतो आणि कॉइलवर गोधडीसारखा पांघरला जातो; आतली कॉइल तापून जळते, पाणी मात्र थंडच. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवते. बोअरच्या पाण्यावर ती दर वर्षी उघडून बघा आणि निम्म्याहून जास्त झिजली असेल तर बदला. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून त्याला बूच मारणारे प्लंबर आहेत. त्यांना तसं करू देऊ नका, तो दाब बाहेर पडायचा मार्ग आहे.

बादलीत सोडायची हीटरची कांडी मी सुचवत नाही. घरात असेलच, तर पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही.

सोलर

बेळगाव साधारण १६ अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवरच असतो, म्हणजे उन्हाळ्यापेक्षा बराच दक्षिणेला कललेला. गरम पाण्याची खरी गरज तेव्हाच असते, म्हणून सोलरचं तोंड दक्षिणेला आणि कल २५ ते ३० अंश हवा. जागा ठरवताना दक्षिणेचा माड, शेजाऱ्याची पाण्याची टाकी, जिन्याची खोली यांची सावली डिसेंबरात सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत कुठं पडते ते बघा. एप्रिलमध्ये बघून ठरवलेली जागा हिवाळ्यात दगा देते.

दोन प्रकार आहेत: काचेच्या ट्यूबचा आणि तांब्याच्या सपाट पॅनेलचा. धरणाचं मऊ पाणी असेल तर पॅनेल टिकाऊ, माकडांच्या टोळ्यांनाही पुरून उरतं. बोअरचं जड पाणी असेल तर ट्यूबच घ्या. पॅनेलच्या बारीक तांब्याच्या नळ्या क्षारानं बुजतात, ट्यूबचं तोंड मोठं असतं आणि ती सोडवून साफ करता येते. चौघांना १०० लिटरचा पुरतो. त्यात विजेचा बॅकअप आहे का, ते विचारा, आणि तो वेगळ्या बटणावर घ्या, म्हणजे नकळत चालू राहणार नाही. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात जून ते सप्टेंबर सोलरवर अवलंबूनच राहू नका. तिथं जोडीला बंब किंवा छोटा वीज गिझर लागतोच. चिकोडी-अथणीकडं सोलर वर्षातले बहुतेक दिवस एकटा भागवतो.

साध्या, दाब नसलेल्या सिस्टीममध्ये थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा, आणि हवा जायची उभी नळी थंड पाण्याच्या टाकीपेक्षाही उंच. गच्चीवरून न्हाणीपर्यंतच्या पाइपला फोमचं आवरण घाला. अर्ध्या इंची दहा मीटर पाइपमध्ये पावणेदोन लिटर पाणी उभं असतं. रात्री ते थंड होतं आणि सकाळी गटारात जातं. बादलीत धरून भांड्यांना वापरा.

ट्यूब गेली की नाही हे खालच्या टोकावरून कळतं. टोकाला आतून चंदेरी मुलामा असतो. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर आतली निर्वात पोकळी संपली, ट्यूब अख्खी दिसली तरी तापणार नाही. बदलताना घाई करू नका. उन्हात रिकामी तापलेली ट्यूब थंड पाणी लागताच तडकते, म्हणून नवी ट्यूब बसवणं आणि टाकी भरणं पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. आत गाळ-क्षार बसला असेल तर सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणानं धुवा, मग साध्या पाण्यानं खळखळून.

वर्षाचं वेळापत्रक

नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी पाणी भरायची रीत आपल्याकडं मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत आहे: बंब-हंडा चिंच-मिठानं घासून, नवं पाणी भरून, हळदकुंकू वाहायचं. तोच दिवस मोठ्या साफसफाईचा ठेवा, म्हणजे हिवाळ्याला सगळं तयार. बंबाची नळी आणि जाळी, गॅस गिझरची सर्व्हिस आणि नवे सेल, वीज गिझरची कांडी, सोलरच्या ट्यूबवरची पावसाळ्याची घाण आणि शेवाळ, सगळं तेव्हा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबायचं. दाबल्यावर पडलं नाही तर वायरमन.

मिरगाआधी जळण, धुराड्याची टोपी, गॅस गिझरवरचं छप्पर आणि सोलरच्या स्टँडचे नटबोल्ट बघून घ्या, कारण वळवाच्या वाऱ्यात सैल स्टँड हलतो आणि ट्यूब आधी फुटते. मे महिन्यात घर बंद करून गावाला जात असाल तर सोलर रिकामा सोडू नका, पाण्यानं भरलेला ठेवा आणि ट्यूबवर ताडपत्री टाका.

सर्व्हिसची तारीख, कांडी कधी बदलली, नळी कधी घेतली, हे मीटरच्या पेटीच्या दाराला आतून कागद चिकटवून लिहीत जा. मेकॅनिक बदलतात, घरातली माणसं कामानिमित्त पुण्या-गोव्याला जातात. मागं राहिलेल्या आईवडिलांना त्या कागदावरून फोनवर सांगता येतं. त्याच कागदाच्या खाली वायरमन, प्लंबर आणि १०८ हे नंबर मोठ्या अक्षरात असू द्या.